तीन बोटांची कामं

“मी दाबलं होतं,” निरंजन म्हणाला.

“नव्हतं दाबलंस.”

“ताई, दाबलं होतं गं. बोट खाली गेलेलं मला कळलं.”

पडद्यावर शत्रूचं यान त्याच्या अगदी नाकासमोरून निघून गेलं होतं आणि आमची तोफ गप्प होती. आम्ही दोघांनीही त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. माउसवर अंगठा होता, करंगळी होती. मधे पांढरी पट्टी होती आणि पट्टीच्या पुढे काही नव्हतं. ज्या बोटानं बटण दाबलं असं तो म्हणत होता, ते बोट दिवाळीच्या आधीच एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये पत्रे कापायच्या पॉवर प्रेसखाली गेलं होतं. त्याच्या शेजारची दोनही.

“तुला कळलं,” मी म्हणाले, “पण कॉम्प्युटरला नाही ना कळलं.”

मी अशीच बोलते. मऊ बोलणं मला जमत नाही. आकुर्डीत मी टायपिंगचा क्लास घेते आणि मुलं मला पाठीमागे ‘करंगळी मॅडम’ म्हणतात, कारण मी कुणाची करंगळी आळशी राहू देत नाही. निरंजन हसला नाही, पण उठूनही गेला नाही. त्या दिवसांत तेवढंही पुष्कळ होतं.

दवाखान्यातून आल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. मम्मी ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तो अगदी शहाण्यासारखं “बरं आहे आता” म्हणायचा आणि पाहुणा गेला की पुन्हा भिंत. मला त्या भिंतीचा राग यायला लागला होता. पप्पा गेल्यावर डिप्लोमा अर्धवट सोडून हा प्रेसवर लागला, तेव्हा मी अडवलं होतं, पण माझं कोण ऐकतंय. आता माझ्या ओळखीच्या एका सरांनी सीएनसी प्रोग्रामिंगच्या कोर्सला त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. मशीनला हात न लावता मशीन चालवायचं, सगळं काम कीबोर्डवर. सोमवारी कोर्स सुरू होणार होता.

“कीबोर्डवर?” तो भिंतीला म्हणाला होता. “कशानं?”

“सात बोटं आहेत तुला.”

“तू दहा बोटांची मॅडम आहेस. तुला काय जातंय.”

मग कितीतरी वेळानं तो कुशीवर वळला. म्हणाला, “रविवारी मॅच आहे आमची.”

ही मॅच म्हणजे कॉम्प्युटरवरची. अवकाशात लढायची एक गेम होती, त्यात तो पप्पा असल्यापासून उडायचा. चार यानं एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला. समोरच्याला पाडलं की गुण, पडलेला जरा वेळानं पुन्हा येतो, आणि ठरलेली वेळ संपली की ज्यांचे गुण जास्त ते जिंकले. महाराष्ट्रभरच्या पोरांच्या टीम होत्या. निरंजनच्या टीमचा कॅप्टन नांदेडचा शार्दूल नावाचा मुलगा होता. त्यांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, नुसते आवाज ओळखायचे. प्रेसवर दिवसभर पत्रे कापून आलेला आमचा निरंजन तिथे सगळ्यांत भारी होता. शार्दूल त्याला ‘वस्ताद’ म्हणायचा. घरात आणि कामावर त्याला असं कुणीच काही म्हणत नव्हतं.

“त्यांना सांगितलंस हाताचं?”

“नाही. गावाला गेलोय म्हणालो. आणि सांगायचंही नाही. कुणालाच.” तो उठून बसला. “ताई, रविवारी मला उडता आलं तर मी कोर्सला येतो. नाही आलं, तर तू पुन्हा विषय काढायचा नाही.”

“म्हणजे जिंकलास तर.”

“जिंकायचं काय घेऊन बसलीस. मरेन की मी दहा वेळा. पण बरोबरीनं मरायला पाहिजे. बाकीचे मरतात तसं.”

मी कबूल केलं. त्याच संध्याकाळी मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले आणि ती गेम पहिल्यांदा नीट पाहिली.

आधी मी त्याला माउस डाव्या हातात घ्यायला लावला. यान दारू प्यायल्यासारखं चालायला लागलं. एका उल्केवर आपटलं, मग दुसऱ्या, मग आमच्याच तळावर.

“हे विमान जरा सरळ ने ना.”

“यान म्हण. आणि डाव्या हातानं सही करून दाखव तू.”

मी करून पाहिली. माझी सही मलाच ओळखता येईना. मग माउस परत उजव्या हातात गेला. अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीत तो धरता येत होता, हलवताही येत होता, फक्त त्यावरचं काही दाबता येत नव्हतं. मी त्याला विचारलं, गेलेली तीन बोटं नेमकं काय काय करायची ते सांग. हे असं विचारायला मला भीती वाटत होती, पण त्यानं सरळ सांगितलं. पहिलं बोट तोफ डागायचं. मधलं बोट चाक फिरवून वेग कमी-जास्त करायचं. तिसरं क्षेपणास्त्र सोडायचं.

“डावा हात काय करायचा?”

“बाकी सगळं. बाजूला सरकायचं, कलायचं, ब्रेक, एकदम झेप घ्यायची असेल तर ती.”

म्हणजे डाव्या हाताला आधीच भरपूर काम होतं आणि त्यात आता तीन बोटांची कामं वाढणार होती. क्लासात मी शिकवते की प्रत्येक कळ एका बोटाच्या मालकीची, दुसऱ्यानं तिच्यावर जायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर कीबोर्ड असा वाटून दिलेलाच असतो. त्या संध्याकाळी मी वाटणी मोडायला घेतली. स्पेसबार उजव्या अंगठ्याचा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. तो मी डाव्या अंगठ्याला दिला आणि त्यावर तोफ ठेवली. वेग कमी-जास्त करणं डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, वर आणि खाली. पण क्षेपणास्त्र कुठे ठेवणार? डाव्या हाताची एकही कळ रिकामी नव्हती.

“कलायला दोन कळा लागतात तुला, डावीकडे एक, उजवीकडे एक,” मी म्हणाले. “त्या माउसवर नेता येतील का?”

निरंजननं माझ्याकडे पाहिलं. अपघातानंतर तो पहिल्यांदा कुणाकडे असं पाहत होता.

“येतील,” तो सावकाश म्हणाला. “माउस बाजूला नेला की सध्या नाक वळतं. त्याऐवजी अख्खं यान कलेल असं करता येतं. मग वळायचं असेल तर आधी कलायचं आणि माउस मागे ओढायचा. खरी विमानं तशीच वळतात. पण सगळं नव्यानं शिकावं लागेल, ताई.”

“मग शीक. माझ्याकडे पन्नाशीच्या बायका शिकतात.”

त्या आठवड्यात क्लास सुटला की मी चपला दारात टाकून सरळ त्याच्या खोलीत जायची. त्याचं मनगट फारसं हलत नव्हतं, टाके ओढायचे. म्हणून आम्ही माउसची संवेदनशीलता वाढवली, म्हणजे हात जरासा हलला तरी यान पुष्कळ वळेल. तर ते नेम धरताना थरथरायला लागलं. पडद्याच्या मधोमध एक न दिसणारं छोटं वर्तुळ असतं. माउस त्याच्या आत आहे तोवर यान सरळच जातं. ते वर्तुळ आम्ही मोठं केलं. थरथर गेली, पण आता यान बैलगाडीसारखं जड झालं. मग निरंजनलाच सुचलं की मध्याजवळ हळू आणि कडेला जोरात, असा उतार द्यायचा. तो सांगायचा, मी आकडे बदलायची, तो उडून बघायचा, डोकं हलवायचा. पुन्हा बदलायचे. मधे मधे तो नसलेल्या बोटानं तोफ डागायचा, ते काही थांबत नव्हतं. एकदा तर त्या नसलेल्या बोटात कळ आली म्हणून डोळ्यांत पाणी आणून बसला. मी पंख्याचा वेग वाढवला. मला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

शनिवारी दुपारी मात्र जमलं. गेममध्ये सरावाची यानं असतात, कॉम्प्युटर चालवतो ती. त्यातली तीन निरंजनच्या मागे लागली. तो कलला, माउस मागे ओढला, झपकन वळून त्यांच्याच पाठीमागे आला आणि डाव्या अंगठ्यानं स्पेसबार दाबला. एक फुटलं, पाठोपाठ दुसरं. तिसऱ्यानं त्याला पाडलं. तो मोठ्यानं हसला.

“का हसतोस? पडलास ना.”

“पडलो, पण चूक माझी होती, ताई. मी उशिरा वळलो. हात बरोबर होता!”

मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. मम्मी फॉल-पिकोच्या मशीनवर बसली होती. तिनं मान वर करून विचारलं, “हसला का गं तो?” मी हो म्हणाले. ती पदर डोळ्यांना लावून पुन्हा मशीन चालवायला लागली. मला वाटलं, सुटलो आम्ही यातून.

रविवारी चार वाजता मॅच सुरू झाली. निरंजननं अंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. मी शेजारी बसले होते आणि त्यानं आवाज स्पीकरवर ठेवला होता, म्हणजे मलाही ऐकू येईल.

“आलास का वस्ताद!” शार्दूल ओरडला. “किती दिस झाले रे. तब्येत बरी हाय ना?”

“गावाला होतो रे. चल, सुरू करू.”

“तू निवांत खेळ भौ. टेन्शन घेऊ नको.”

निरंजननं स्पीकरकडे पाहिलं. शार्दूल त्याला असं कधी म्हणायचा नाही, हे त्यानं मला नंतरही सांगितलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

मग आठही यानं सुटली. मला त्यातलं फार कळत नव्हतं, पण आमचं यान कुठलं हे आता कळत होतं. निरंजन सुंदर उडाला. समोरच्या टीमचं एक यान त्यानं पहिल्या काही मिनिटांतच पाडलं. मग आणखी एक. स्पीकरवर पोरं ओरडत होती, “वा रे वस्ताद! एक नंबर!” आमच्या टीमचे बाकीचे तिघे पडत होते, परत येत होते, पुन्हा पडत होते. निरंजन एकदाही पडला नव्हता.

“बघ,” मी म्हणाले. “कुणाच्या हाती लागत नाहीयेस तू.”

त्यानं एक वळण घेतलं, तेही उगाच मोठं आणि संथ. समोरचं यान त्याच्या पाठीमागे होतं. ते जवळ आलं, आणखी जवळ आलं, मग बाजूनं निघून शार्दूलच्या मागे लागलं.

“ताई,” तो हळू म्हणाला. “मला कुणी मारत नाहीये.”

“तू चुकवतोयस त्यांना.”

“नाही. बघ आता.”

त्यानं वेग शून्यावर आणला. आमचं यान अवकाशाच्या मधोमध उभं राहिलं, सभोवती लढाई चालू. त्यानं कीबोर्डवरून हात काढला, माउस सोडला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. समोरच्या टीमचं एक यान थेट त्याच्या तोंडावर आलं. एवढं जवळ, की त्याच्या पंखावरची चित्रं मला दिसली. मारायला दुसरं काही करायचंच नव्हतं, नुसतं बटण दाबायचं होतं.

मी मनात म्हणत होते, मार. मार ना रे. कोण असशील तो, तुझ्या पाया पडते, एकदा मार याला.

त्या यानानं जरासं नाक हलवलं, जणू वाट विचारून घेतली, आणि ते वरून निघून गेलं. पाठोपाठ दुसरं आलं. तेही गेलं. आपल्या गल्लीत दहा लोक क्रिकेट खेळत असावेत आणि मधून म्हातारा जायला लागला की सगळ्यांनी बॅट-बॉल थांबवावा, तसं चाललं होतं.

“नेट बंद पडलं का तुझं?” शार्दूलनं विचारलं.

निरंजन उत्तर देणार, तेवढ्यात मम्मी दारात आली. हातात शिऱ्याची वाटी होती. पडद्याकडे पाहून ती हसली.

“लागलं नाही ना कुठे तुझ्या विमानाला?”

“नाही,” निरंजन म्हणाला.

“लागायचं नाहीच. चांगली आहेत रे ती पोरं.” तिनं वाटी टेबलावर ठेवली. “परवा तू ड्रेसिंगला गेलास ना, तेव्हा त्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी सारखं हाका मारत होतं, भौ आहेस का, भौ आहेस का. मला कुठलं बंद करता येतंय? म्हटलं, बाळा, मी त्याची आई बोलतेय. हाताचं सगळं सांगितलं त्याला. रडला रे तो! मी म्हटलं, पहिल्यांदाच खेळतोय आता असा, तुम्ही सगळे भावासारखे आहात, जरा सांभाळून घ्या माझ्या पोराला. तो म्हणाला, काकू, तुम्ही काळजीच करू नका, मी समोरच्यांनाही सांगतो.”

‘सांभाळून घ्या’ हे आमच्यात असंच म्हणतात. पोरगी सासरी पाठवताना म्हणतात, पोरगा होस्टेलला सोडताना वॉर्डनला म्हणतात, पप्पा गेल्यावर निरंजनला प्रेसवर लावताना मम्मी शेठला हेच म्हणाली होती. ती चुकीचं काही बोललीच नव्हती. म्हणून तर मला तिच्यावर ओरडताही येईना. कुणालाच सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं होतं, आणि मम्मी कॉम्प्युटरशी बोलेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मी निरंजनकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा कीबोर्ड भिंतीवर फेकेल. फेकला असता तर बरं झालं असतं. राग आलेला माणूस जिवंत तरी असतो.

“बरं केलंस, मम्मी,” तो म्हणाला.

“खा आता शिरा. गार होईल.”

त्यानं डाव्या हातानं एक घास खाल्ला. तिनं त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि ती मशीनकडे गेली. तो पुन्हा पडद्याकडे वळला, माउस चिमटीत धरला आणि राहिलेला वेळ उडत राहिला. सरळ उडाला. कलला नाही, कुणाच्या मागे लागला नाही, तोफ डागली नाही. ज्याला कुणी मारत नाही त्यानं दुसऱ्याला मारायचं कसं, हे मला गेम न कळताही कळलं. टीम जिंकली. स्पीकरवर चारी बाजूंनी आवाज आले. समोरच्या टीमची पोरंही होती त्यात.

“वस्ताद, काय खेळलास राव!” “दादा, मानलं तुम्हाला.” “दादा, हिंमत पाहिजे अशी.”

कालपरवापर्यंत त्याला शिव्या देणारी पोरं त्याला अहो-जाहो करत होती.

“थँक्यू,” निरंजन म्हणाला. “खूप बरं वाटलं. सगळ्यांचे आभार.”

तो आवाज मी ओळखला. सफरचंदं घेऊन बघायला येणाऱ्यांशी तो याच आवाजात बोलायचा. त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

“निरू, ऐक माझं,” मी म्हणाले. “ती दोन यानं पाडलीस ना सुरुवातीला, ती—”

“ती तरी माझी होती का, ताई? की समोर येऊन उभी राहिली होती?”

मी नुसतं ‘तुझीच होती’ म्हणाले असते तरी चाललं असतं. पण मला खरंच माहीत नव्हतं, आणि मला खोटं बोलता येत नाही हे त्याला माहीत होतं.

“काल तर कॉम्प्युटरनं पाडलं होतं ना तुला,” मी म्हणाले. “त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा हात बरोबर होता, तूच म्हणालास.”

“होता.” त्यानं पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात घेतला. “ताई, हात बरोबर आहे गं. पण आता कुठेही गेलो तरी मम्मीसारखं कुणीतरी आधीच जाऊन सांगून आलेलं असणार. कोर्सचे सर तुझ्या ओळखीचे आहेत. काय म्हणालीस तू त्यांना?”

मी सरांना काय म्हणाले होते, ते मला आठवत होतं. प्रत्येक बहीण म्हणते तेच म्हणाले होते. मी टेबलावरची शिऱ्याची वाटी उचलली, आणि त्याला उत्तर मिळालं.

“मम्मीला यातलं काही कळू देऊ नकोस,” तो म्हणाला आणि भिंतीकडे वळून झोपला. बाहेर अजून चांगलं ऊन होतं. स्वयंपाकघरात मशीन चालू होती आणि मम्मी कितीतरी दिवसांनी काहीतरी गुणगुणत होती.

सोमवारी तो कोर्सला गेला नाही. मंगळवारी शॉपच्या शेठनं देऊ केलेली गेटवरची नोकरी त्यानं मुकाट्यानं धरली. गाड्यांचे नंबर तपासायचे, आलेल्यांना बसा म्हणायचं. बरीच वर्षं झाली, अजून तो तिथेच आहे. लोक त्याच्याशी फार चांगलं वागतात. त्याला कुणी रागावत नाही, उशीर झाला तरी बोलत नाही. मी विषय काढत नाही.

मम्मी आता थकलीय, पण पाहुणे आले की त्या रविवारची गोष्ट हमखास सांगते. “चार-चार जण मागे लागले होते याच्या,” ती सांगते, “आणि हा असा, एवढासा हात. पण एकालाही माझ्या पोराला पाडता आलं नाही हो!”

पाहुणे निरंजनकडे कौतुकानं बघतात.

“नाही आलं,” तो म्हणतो, आणि त्यांना आग्रह करतो, चहा घ्या.